पाण्याच्या नकाशात पायऱ्या नसतात

सेलो हे वाद्य ज्यानं पहिल्यांदा घडवलं त्याच्या घराला जिना नसणार आणि त्याला कधी कुठं जायचंही नसणार, असं नकाशेबाईंचं ठाम मत होतं. दिसायला तो व्हायोलिनचा थोरला भाऊ. पण व्हायोलिन काखेत मारून माणूस चालू पडतो. या थोरल्याला मात्र खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांत धरून वाजवावं लागतं, आणि कुठं न्यायचं झालं तर रुसव्याफुगव्याच्या पाहुण्यासारखी त्याची उठबस करावी लागते. बाईंची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. पेटीत घातलेला सेलो त्यांच्या शेजारी उभा केला की कोण कोणाला घेऊन निघालंय, असा बघणाऱ्याला प्रश्न पडे.

आणि प्रश्न पडला की लोक गप्प बसत नाहीत. "त्यापेक्षा बासरी शिकायची होती, बाई!" हे वाक्य त्यांनी जिन्यात, रस्त्यात, लिफ्टमध्ये, एकदा तर दाताच्या दवाखान्यात तोंड उघडं असताना ऐकलं होतं. सांगणाऱ्याला ते त्याच क्षणी सुचलेलं असे, म्हणून बाईही पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसत. एका वर्षी त्यांनी मोजलं, तर एकसष्ट वेळा भरलं. दादानं, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावानं, ते एकदाच म्हटलं होतं, अगदी सुरुवातीला; नंतर चाळीस वर्षांत पुन्हा नाही. भावाच्या मायेचा याहून मोठा पुरावा बाईंनी कधी मागितला नाही.

नकाशेबाई हे नाव कचेरीतलं. पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात त्यांना एकतीस वर्षं झाली होती. शहराखाली कुठून कुठं नळ गेलाय, कुठं झडप आहे, कुठं गळती आहे, हे त्यांना न बघता सांगता येई. शहराच्या वर काय चाललंय याची मात्र त्यांना फारशी खबर नसे. घरी त्यांना ‘बुटके’ म्हणत. म्हणणारे चार होते. वडील गेले, मधली बहीण परदेशी गेली ती गेलीच, आई अकरा वर्षं चाकांच्या खुर्चीत काढून तीन वर्षांपूर्वी गेली. आता ‘बुटके’ म्हणणारा दादा एकटा उरला होता.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला, वाचनालयामागच्या सभागृहात, शहराच्या हौशी वाद्यवृंदाची तालीम असे. बेचाळीस माणसं. त्यात दोन दंतवैद्य, एक न्यायाधीश, बरेच शिक्षक, आणि सेलोंच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर नकाशेबाई. शेवटच्या खुर्चीकडे कोणी बघत नाही, हे तिचं सुख. ती गप्प बसली तर कळतं फक्त मास्तरांना, म्हणजे हातात काठी घेऊन पुढं उभ्या असणाऱ्या गृहस्थांना. आणि मास्तरांचा नियम असा की लागोपाठ तीन तालमी चुकल्या की खुर्ची गेली. खुर्चीसाठी बाहेर दोघं टपून होते, दोघंही बाईंच्या निम्म्या वयाचे आणि दोघांकडेही गाडी.

बाईंकडे दादाची गाडी होती. लांब शेपटाची, करडी, मागचं बाक आडवं पडणारी. दोन्ही वारी पाच वाजून दहा मिनिटांनी खाली दोनदा हॉर्न वाजे. दादा सेलो मागे आडवा ठेवी, गाडीत बसे, आरशात न बघताच विचारी, "पट्टा?"

"लावला."

पट्टा सेलोला. मग, दादाच्या सावकाश चालवण्यानं, बावीस मिनिटांचा रस्ता. कित्येकदा तेवढ्यात याखेरीज एक शब्द होत नसे, आणि दोघांनाही गप्पा झाल्यासारखं वाटे. तालीम संपेपर्यंत दादा गाडीतच वर्तमानपत्र वाचत बसे. "घरी जाऊन परत येण्यात काय अर्थ आहे?" तो म्हणे. त्याचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी दादाला कडेकडेचं दिसत नसल्याचं सांगितलं. गाडी त्याच आठवड्यात गेली. मुलीनं आईवडिलांना आपल्या गावी बोलावून घेतलं; रेल्वेनं आठ तास. वहिनी निरोप घ्यायला आली ती स्वयंपाकघरापासून बघत बघत आत आली.

"तुमच्या या धुडाचं आता काय करणार?" तिनं सेलोकडे हनुवटी करून विचारलं.

"बघू."

"आणि आईंची ही खुर्ची? तीन वर्षं झाली. किती वेळा सांगितलं, कुणाला तरी देऊन टाका. घरातल्या बोळातून जाताना रोज नडगी आपटत असेल."

"पुढच्या आठवड्यात देते."

"हे तुम्ही गेल्या आठवड्यात म्हणाला होतात," वहिनी म्हणाली, "आणि त्याआधीच्या दीडशे आठवड्यांत." मग तिनं नणंदेला एकदम जवळ घेतलं आणि तशीच ताडकन बाहेर पडली, कारण रडताना कोणी बघितलेलं तिला खपत नसे.

दादा दारात थांबला. "फोन करीन," तो म्हणाला. "मंगळवारी, शुक्रवारी. पाच दहाला."

"हॉर्न दोनदा वाजव."

तो हसला नाही, बाईही हसल्या नाहीत.

प्रश्न आता कचेरीतल्या कामासारखा सोडवायचा, असं बाईंनी ठरवलं. मंगळवारी टॅक्सी. पहिला चालक पेटी बघूनच पुढं निघून गेला. दुसऱ्यानं काच खाली केली. "आत कोण आहे?"

"वाद्य आहे."

"तसं सगळेच म्हणतात," तो म्हणाला आणि खूश होऊन हसला. "डिकीत टाका."

"डिकीत नाही मावत. आणि टाकायचं नसतं."

"मग त्यापेक्षा बासरी..."

तिसऱ्याच्या गाडीत पेटी गेली असती, पण मग बाई गेल्या नसत्या. बसचा प्रयत्न झाला तेव्हा साडेपाच वाजले होते आणि बसमध्ये माणसांनाच जागा नव्हती. वाहकानं मात्र समजुतीनं घेतलं. "बाई, तुम्ही या. यांना पुढच्या बसनं येऊ दे." सव्वासहाला त्या जिना चढून परत वर आल्या. एक तालीम गेली.

शुक्रवारी पाठीवरचे पट्टे. पेटी पाठीला लावून बाई उभ्या राहिल्या तेव्हा पेटीचा तळ पोटऱ्यांवर आपटू लागला आणि माथा दाराच्या चौकटीत अडकला. तरी निघाल्या. पुलावर वारा होता. शिडाच्या होडीला वारा जसा फिरवतो तसं त्यानं बाईंना फिरवलं, आणि त्या काही क्षण ज्या दिशेनं आल्या होत्या त्याच दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. मग त्यांनी पेटीच्या तळाशी असलेली दोन छोटी चाकं खाली टेकवली आणि ती ओढत निघाल्या. रस्ता चौकोनी दगडांचा. टकटकटकटक असं दहा मिनिटं चाललं, आणि मग पेटीत आतून काहीतरी कलंडल्याचा आवाज आला. फार मोठा नाही. पेन्सिल पडावी तसा.

वाद्यं दुरुस्त करणारे काका तळघरात बसत. त्यांनी सेलो हातात घेऊन हळूच हलवला, कान लावला आणि बाईंकडे बघितलं.

"दगडावरून ओढत आणलात?"

बाई पेटीच्या छोट्या चाकांकडे बघू लागल्या.

"आत एक काडी उभी असते. पुढची फळी आणि मागची फळी यांच्यामध्ये. ना खिळा, ना डिंक. तारांच्या दाबावर नुसती टेकलेली. ती पडली की आवाज गेला."

"परत उभी करता येईल ना?"

"येईल. पण होती तिथंच उभी केली पाहिजे. केसभर इकडेतिकडे झाली तर वाद्य तेच राहतं आणि ओळखू येत नाही." काकांनी चष्मा पुसला. "एक आठवडा लागेल. तोवर बाई, तुम्ही एखादी बासरी..."

दुसरी तालीम गेली.

त्या आठवड्यात बाईंना घरात काहीतरी विचित्र जाणवू लागलं. कुलूप काढून आत शिरताना त्या "आले गं" म्हणत. आई होती तेव्हापासूनची सवय. आई गेल्यावर ती सुटायला हवी होती. सुटली नाही, कारण समोरच्या कोपऱ्यात सेलो उभा असे, आणि कोणीतरी उभं असताना न बोलता आत जाणं बरं दिसत नाही. आता कोपरा रिकामा होता. बाई "आले" एवढंच म्हणाल्या आणि मग बराच वेळ चपला काढत राहिल्या.

मंगळवारी त्यांनी सभागृहातच भाड्याचा सेलो मागवून घेतला. युक्ती नामी होती: घरी आपला, तिथं भाड्याचा, वाटेत काहीच न्यायचं नाही. एवढं साधं आधी कसं सुचलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. तालीम सुरू झाल्यावर ते नवल ओसरलं. भाड्याच्या सेलोची मान त्यांच्या सेलोपेक्षा नखाएवढी लांब होती. चाळीस वर्षांची सवय असलेली बोटं नेहमीसारखी डोळे मिटून आपापल्या जागी गेली, आणि जागा हललेल्या होत्या. प्रत्येक सूर थोडा अलीकडे पडू लागला. बेसूर म्हणावा इतका नाही. दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचावं तितका.

मास्तरांनी काठी खाली केली. बेचाळीस माणसं थांबली.

"शेवटची खुर्ची," ते म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे सगळ्यांना ऐकू जाई. "कुठं वाजवताय तुम्ही?"

"इथंच, मास्तर."

"नाही. तुम्ही शेजाऱ्यांच्या घरात वाजवताय. आपल्या घरी या."

तालीम संपल्यावर त्यांनी बाईंना बाजूला घेतलं. "दोन तालमी चुकल्या आहेत. आज तुम्ही आलात, पण बोटं नाही आली. मी आजचं धरत नाही, इकडेही नाही, तिकडेही नाही. शुक्रवारी सहाला तुमचा सेलो इथं हवा. नाहीतर मला त्या दोघांपैकी एकाला बोलवावं लागेल." जाता जाता ते वळले. "खरं तर सोपं आहे. तुमचा सेलो इथंच ठेवून द्या की कायमचा. मागं कोठीची खोली आहे."

बाईंनी कोठीची खोली बघितली. पहारेकऱ्यानं मोठ्या हौसेनं दाखवली. मोडक्या खुर्च्या, दोन बादल्या, फरशी पुसायचे लांब दांडे, आणि त्यांच्यामधली जागा. "अगदी सुरक्षित," तो म्हणाला. "इथं कोणी येतच नाही."

सगळ्यात व्यवहारी उपाय हाच होता, हे बाईंनाही मान्य होतं. काही नेणं नको, काही आणणं नको. आठवड्यातून दोनदा येऊन भेटायचं. आईच्या वेळी एक चांगली संस्था बघायला गेल्या होत्या तेव्हा तिथल्या बाईंनीही असंच सांगितलं होतं: अगदी सुरक्षित, आणि तुम्ही हवं तेव्हा येऊन भेटू शकता.

"विचार करते," बाई म्हणाल्या आणि विचार न करताच घरी आल्या. बोळातल्या काळोखात त्यांची नडगी खुर्चीवर आपटली.

त्या तिथंच थांबल्या. खुर्चीची मोठी चाकं हवेची होती, मऊ. आईला दगडी रस्त्याचा हादरा बसू नये म्हणून दादानंच ती मुद्दाम शोधून आणली होती. बाईंनी एका चाकावर अंगठा दाबला. तीन वर्षांत हवा थोडीच उतरली होती.

गुरुवारी त्यांनी तळघरातून सेलो आणला, उचलून, चार चौकांत चार वेळा थांबून. काडी होती तिथंच उभी होती. मग कचेरीतून आणलेला नकाशा टेबलावर पसरला. त्यांचं घर टेकडीवरच्या जलकुंभाखाली होतं, सभागृह खाली शहरात. जुन्या लोकांनी मुख्य नळ असा नेला होता की कुठंही पंप न लावता पाणी आपल्या पायांनी खाली उतरावं. पाण्याला जे मानवतं ते चाकांना मानवायला काय हरकत? उतार सौम्य, वळणं मोठी, मोठ्या रस्त्याचे दगड जवळजवळ टळलेले. एकोणीस वर्षांपूर्वी तो नकाशा बाईंनी स्वतः शाईनं उतरवला होता. एकदा प्रत्यक्ष चालून बघावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. जाऊन बघायची सवय असती तर माणूस नकाशे कशाला काढत बसेल?

शुक्रवारी अर्धी रजा. आधी रिकामी खुर्ची जिन्यावरून खाली नेली, मग मऊ पिशवीत घातलेला सेलो नेऊन तिच्यात बसवला. वार्निशला ऊन लागू नये म्हणून त्याच्या खांद्यांवर आईची राखाडी शाल. वरचा नक्षीदार गुंडा कुठं आपटू नये म्हणून त्यावर आईची लोकरीची टोपी. हे सगळं निव्वळ वाद्याच्या काळजीपोटी केलेलं होतं. मागं उभं राहून बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं की काय केलंय. टोपी काढावी का, याचा त्यांनी थोडा विचार केला. मग पोटावरून पट्टा आवळून लावला आणि पावणेपाचला निघाल्या.

रस्ता नकाशाबरहुकूम निघाला. खुर्ची आवाज न करता उतरत होती. आणि चाळीस वर्षांत जे कधी घडलं नव्हतं ते घडू लागलं: लोक बाजूला होत होते. एकानं सायकल उचलून वाट दिली. एका बाईनं आपल्या कुत्र्याला आवरलं आणि नकाशेबाईंकडे बघून मान हलवली. बासरीचं कोणी काढलं नाही. पिशवीत फोन वाजत होता, पाच दहा झाले असणार. पण उतारावर हात सोडायची सोय नव्हती.

रंगाच्या कारखान्याच्या भिंतीला वळसा घालून त्या बोळात शिरल्या आणि थांबल्या. पुढं पायऱ्या होत्या. बाईंनी मोजल्या: अकरा.

नकाशात इथं एक बारीकशी रेघ होती आणि तिच्याशेजारी त्यांच्याच अक्षरात ‘उतार’ असं लिहिलेलं होतं. चूक म्हणावी तर चूक नव्हती. पाण्याच्या नकाशात पायऱ्या नसतात, कारण पाण्याला त्यांची काही अडचण नसते. वळसा घालून जायला पाऊण तास. सहाला वीस कमी. खुर्ची इथं ठेवून सेलो कडेवर घेतला तर खाली पुन्हा तेच दगड, आणि पुन्हा ती काडी.

"मावशी, तुम्ही बाजूला व्हा."

मागून दोन रंगारी येत होते, कपड्यांवर पांढरे पिवळे शिंतोडे, काम संपवून निघालेले. जाड होता त्यानं हात पँटला पुसले आणि मागच्या मुठी धरल्या. बारीक होता तो पुढं जाऊन पायऱ्यांवर उलटा उभा राहिला.

"अहो, पण..." बाई म्हणाल्या.

"काही काळजी करू नका. माझ्या आजीला चार मजले असंच न्यायचो. आजी, घाबरायचं नाही हं, सावकाश नेतो." जाड्यानं टोपीला सांगितलं. "चल रे, उचल."

खुर्ची उचलली गेली. एक पायरी, दोन, तीन. चौथ्या पायरीवर पुढच्यानं मान वर केली. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. टोपीखाली चेहरा नव्हता, हे त्याला दिसलं. दिसल्याचं बाईंना दिसलं. आता हसेल, असं वाटलं. आता ठेवेल खाली. त्यानं पुन्हा मान खाली घातली आणि पाचव्या पायरीवर पाय तितकाच जपून टेकवला.

"हलक्या आहेत हो," मागून जाड्या म्हणाला. "आई का तुमच्या?"

"खुर्ची आईची आहे," बाई म्हणाल्या.

"फारच हलक्या."

"हो. शेवटी शेवटी तर फारच."

जाड्याला यातलं काय कळलं कोण जाणे. उरलेल्या पायऱ्या तो आणखी सावकाश उतरला. खाली खुर्ची टेकवल्यावर तिला जरासुद्धा हादरा बसला नाही. बारक्यानं घसरलेली शाल दोन बोटांनी वर केली, खोचली, आणि बाईंना म्हणाला, "जपून न्या." तेवढंच. मग दोघं आपल्या वाटेनं गेले. वळणावर जाड्यानं मागं वळून टोपीला हात केला. बाईंनीही केला, टोपीच्या वतीनं.

सहाला तीन मिनिटं असताना खुर्ची सभागृहात शिरली. न्यायाधीश उठून उभे राहिले, मग खाली बसले. बाईंनी टोपी काढली, शाल काढली, पट्टा सोडला. सूर लावून घेतले. तालीम सुरू झाली आणि बोटं डोळे मिटून गेली ती थेट आपल्या जागी. दीड तासात मास्तर एकदाही शेवटच्या खुर्चीकडे वळले नाहीत. शेवटी वह्या मिटताना फक्त म्हणाले, "मंगळवारी सगळे वेळेवर." आणि मग, त्याच सुरात, "शेवटची खुर्ची. आज घरी होतात तुम्ही."

परतीची चढण बसनं. चालकानं लांबूनच बघितलं, चाकांच्या खुर्चीसाठीची फळी खाली सोडली, आणि खुर्ची जवळ आल्यावर त्यात काय आहे ते बघून बाईंकडे बघत राहिला. बस जवळजवळ रिकामी होती.

"कुणाला ही जागा लागली तर मी उतरेन," बाई म्हणाल्या.

तो काहीतरी म्हणणार होता. बाईंनी हसायची तयारी ठेवली. पण त्यानं नुसती फळी वर घेतली.

दादाचे सहा न घेतलेले फोन दिसत होते, सगळे पाच दहा ते सहाच्या दरम्यानचे. बाईंनी फोन लावला. पलीकडे पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बुटके! कुठं होतीस? तुझी वहिनी म्हणाली, रस्त्यात पडलीबिडली असेल."

"तालमीला होते."

"कशी गेलीस? टॅक्सी मिळाली?"

"आईची खुर्ची आणली." बाई पुढं बोलत राहिल्या. "चाकं मऊ आहेत ना. हादरा बसत नाही. एका ठिकाणी पायऱ्या लागल्या, पण ते झालं. आता बसमध्ये आहे. अगदी व्यवस्थित आहे."

दादाच्या मागं कोणाच्या तरी घरातला टीव्ही लागलेला होता, भांडी वाजत होती. आठ तासांवरचं घर.

"पट्टा?" त्यानं विचारलं.

बाईंनी खाली बघितलं. बस वळणावर होती, खुर्ची जागची हलली नव्हती.

"लावला," त्या म्हणाल्या.

त्यापुढं दोघंही काही बोलले नाहीत, आणि फोनही कोणी ठेवला नाही. बस टेकडी चढत राहिली. बावीस मिनिटं नाही. बसला चौदाच लागतात.